रंग शेवटी, स्लॅब आधी: खान्देशात भाड्याच्या खोलीवर खर्च करताना

भाडेकरूनं खोली सोडली की घरमालकाचा पहिला फोन रंगाऱ्याला जातो. खोली चकाचक होते, नवा भाडेकरू मार्चमध्ये येतो आणि जूनच्या आत सामान बांधतो. मग सगळा दोष भाडेकरूच्या माथी. खरं कारण बहुतेक वेळा डोक्यावरच असतं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, आणि भाड्यानं दिली जाते ती बहुतेक वरच्या मजल्यावरची, उघड्या स्लॅबखालची जागा. दुपारी तिथं बसवत नाही आणि रात्री झोपवत नाही. त्यात पाणी पुरत नसेल, कूलर लावल्यावर बोर्डातून जळका वास येत असेल, तर भिंतीचा रंग कुणी बघत नाही.

म्हणून हातात पैसे थोडे असतील तर क्रम असा ठेवावा: स्लॅब, वीज, पाणी, मोरी, आणि उरलंच तर रंग. सहा हजार भाड्याची जागा एक महिना रिकामी राहिली की सहा हजार गेले. एका स्लॅबचा चुना आणि शॉकपासून वाचवणारी आरसीसीबी, दोन्ही मिळून साधारण तेवढ्यातच बसतं.

स्लॅब

दिवसभर तापलेला साडेचार-पाच इंची स्लॅब ती उष्णता लगेच खाली सोडत नाही. संध्याकाळपासून सोडायला लागतो. त्यामुळे बाहेर वारा गार झाला तरी खोली तापलेलीच राहते, आणि पंखा छताखालची गरम हवाच खाली फेकतो. उपाय दोन: स्लॅब तापूच द्यायचा नाही, आणि तापलाच तर रात्री खोलीतली हवा बाहेर काढायची. पहिला उपाय सगळ्यांत स्वस्त आहे. स्लॅब पांढरा करा.

साधा कळीचा चुना ५०० चौरस फुटांना दोन हातांसाठी १० किलोच्या आसपास लागतो. पाणी किलोला पाच लिटर, म्हणजे एकूण ५० लिटर. लोखंडी पिंप घ्या, प्लास्टिकचं नको, कारण चुना भिजताना पाणी उकळतं. पिंपात आधी थोडं पाणी आणि मग त्यात थोडाथोडा चुना, हाच क्रम. चुन्याच्या ढिगावर वरून पाणी ओतलं की तो अंगावर उसळतो. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे. डोळ्यात उडालाच तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवायचा आणि तसंच दवाखाना गाठायचा. रात्रभर मुरू द्या, सकाळी उरलेलं पाणी घालून जुन्या सुती कापडातून गाळा आणि अर्धा ते एक किलो पांढरा गोंद किंवा सरस कोमट पाण्यात कालवून त्यात मिसळा.

स्लॅब आधी खराट्यानं झाडून, तारेच्या ब्रशनं शेवाळ आणि सुटलेले पापुद्रे काढून धुवून घ्यायचा. चुना लावताना पृष्ठभाग ओलसर हवा, पाणी साचलेला नको. पहिला हात आडवा, दुसरा उभा, दोन्ही पातळ. ओला असताना चुना जवळजवळ दिसतच नाही, वाळल्यावर पांढरा होतो. हे माहीत नसलं की माणूस घट्ट थर चोपडतो आणि आठवड्यात त्याचे पोपडे उडायला लागतात. काम सकाळी नऊच्या आत किंवा पाचनंतर. भर उन्हात लावलेला चुना धरायच्या आधीच सुकतो आणि हात फिरवला की पिठासारखा निघतो.

चुना पावसाळ्यात धुऊन जातो. जाऊ द्या. फेब्रुवारीअखेरीस लावला की चार कडक महिने निभावतात, पुढच्या वर्षी पुन्हा. फक्त पहिल्या पावसाचं ते पाणी हौदात किंवा बोअरच्या पुनर्भरणात जाणार नाही, एवढं बघा.

इथं एक अडचण आहे, ती शहरातल्या सल्लागारांना सुचत नाही. आपल्याकडे गच्ची म्हणजे नुसतं छप्पर नाही. फेब्रुवारी-मार्चपासून तिथं बिबड्या, कुरडया, पापड वाळतात आणि मे महिन्यात रात्री अंथरुणं पडतात. चुन्याची भुकटी पायाला, साडीला, गोधडीला लागते. मग भाडेकरीण खराट्यानं तोच चुना खरवडून काढते, आणि तिचं काही चुकत नाही. म्हणून वापरातल्या अर्ध्या गच्चीला अॅक्रिलिकचा पांढरा उष्णतारोधक रंग द्या आणि टाकीमागच्या, कडेच्या बिनवापराच्या भागाला चुना. अॅक्रिलिक महाग पडतो, पण हाताला लागत नाही आणि काही वर्षं टिकतो. डब्यावर लिहिलेल्या हिशोबावर जाऊ नका, जुना खरबरीत स्लॅब त्याच्या दीडपट माल पितो. वर्षातून एकदा धूळ धुवायची, कारण मळका पांढरा रंग निम्मं काम विसरतो.

चुना म्हणजे गळतीवरचा उपाय नव्हे. गळत असेल तर आधी पाणी कुठं साचतं ते बघा. पावसानंतर जिथं मातीचं गोल वर्तुळ उरतं, तो खळगा. स्लॅबला शंभर फुटांत एक फूट, म्हणजे दहा फुटांत सव्वा इंचाच्या आसपास तरी उतार हवा. खळगा भरायचा तो लॅटेक्स घातलेल्या १:३ सिमेंट-वाळूनं. कोरड्या जुन्या स्लॅबवर नुसता सिमेंटचा पातळ थर दिला तर तो सुटतोच. भेगा नुसत्या वरून लिंपायच्या नाहीत. छिन्नीनं व्ही आकारात पाव इंच रुंद-खोल उघडायच्या, धूळ फुंकून काढायची, फटभरणी करायची आणि वर फायबरची जाळी ठेवून कोटिंगचे दोन हात द्यायचे. कठडा आणि स्लॅबच्या सांध्यात गोलाईचा वाटा मारून घ्या. निम्म्या गळत्या त्या काटकोनातच असतात.

कोटिंगला फुगे येतात ते स्लॅबमधल्या ओलीमुळे. ऊन पडलं की आतली वाफ वर येते आणि थर उचलते. लावण्याआधी रात्री दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेप लावून स्लॅबवर चिकटवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून थांबा. मिस्त्री 'व्हई जाई', म्हणजे होऊन जाईल, म्हणाला तरी थांबा.

पत्र्याच्या खोलीचं गणित वेगळं. पत्रा झटकन तापतो आणि झटकन निवतो, म्हणून तिथं रात्रीपेक्षा दुपार वाईट. वरून पांढरा रंग, खाली सहा ते नऊ इंच पोकळी सोडून पीव्हीसीचं किंवा सिमेंट बोर्डचं छत, आणि त्या पोकळीच्या दोन्ही टोकांना जाळी लावलेल्या फटी. फटी बंद केल्या की पोकळी म्हणजे भट्टी. थर्माकोल नको, आग धरतं. पत्र्यावर पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, अंथरायची पद्धत गावाकडे आहे. गारवा येतो, पण उंदीर, त्यांच्यामागे साप, आणि एक ठिणगी पुरते. भाड्याच्या जागेवर हे करू नये. पत्रा गळत असेल तर बहुधा हुकाखालचा वायसर कडक होऊन फाटलेला असतो. वायसर बदला, वरून डांबर चोपडून काही होत नाही.

आणि धाब्याचं, म्हणजे लाकडावर मातीच्या सपाट छताचं, घर भाड्यानं द्यायचं असेल तर धाब्यावर सिमेंटचा थर ओतू नका. खाली माती आणि लाकूड हलतं, वरचा थर तडकतो, पाणी आत शिरतं आणि वाळायला वाटच उरत नाही. लाकूड आतून कुजतं आणि वरून सगळं ठीक दिसतं. दर वर्षी मृगाच्या आधी खारी माती टाकून, धोपटून उतार नीट करणं हाच त्याचा खरा उपाय.

कूलर आणि वीज

एसीसाठी जागा तयार करायची गरज नाही, कूलरसाठी करा. खान्देशचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे कूलर इथं खरंच काम करतो, पाऊस पडेपर्यंत तरी. पण कूलर खोलीतच ठेवून दारं-खिडक्या लावल्या तर तासाभरात चिकचिक होते. कूलर बाहेरची कोरडी हवा आत ढकलतो, तेवढी हवा समोरच्या बाजूनं बाहेर जायला हवी. हिशोब साधा आहे: कूलर मिनिटाला जितके घनफूट हवा फेकतो त्याला सीएफएम म्हणतात, दर हजार सीएफएमला दीड-दोन चौरस फूट उघडी जागा. समोरच्या भिंतीत खिडकी नसेल तर वर झरोका काढून जाळी बसवा. हे भाडेकरूला करता येत नाही, मालकानंच करायचं असतं.

खिडकी शक्यतो उत्तरेची किंवा पूर्वेची निवडा. बाहेर दीड इंची अँगलचा स्टँड. साठ लिटर पाण्यासकट मोठा कूलर शंभर किलोच्या आसपास भरतो. जुन्या विटेच्या, मातीत बांधलेल्या भिंतीत फास्टनर धरत नाहीत, दोन उन्हाळ्यांत भोक मोठं होतं. तिथं आरपार बोल्ट टाकून आतून लोखंडी पट्टी द्या. खाली रस्ता किंवा दुसऱ्याचं अंगण असेल तर यात काटकसर नको.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. पत्र्याचा कूलर, आत पाणी, वर मोटर, हातात बादली: दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं मरतात, ती अशीच. एमसीबी इथं वाचवत नाही. एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही. माणसासाठी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी लागते. एका छोट्या घराला दोन पोलची ४० अँपिअरची एक पुरते. बसवल्यावर महिन्यातून एकदा तिच्यावरचं टेस्टचं बटण दाबायला भाडेकरूला शिकवा.

जुन्या वायरिंगवर आरसीसीबी लावली की ती वारंवार पडते आणि इलेक्ट्रिशियन ती काढून टाकायला सांगतो. काढू नका, कारण शोधा. आरसीसीबी फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ताडून बघते, फरक पडला की तुटते. जुन्या घरांत वरच्या खोलीचा एखादा दिवा खालच्या घराच्या न्यूट्रलवर जोडलेला असतो. तो दिवा लावला की गेलेला करंट दुसऱ्याच वाटेनं परततो आणि आरसीसीबी पडते. प्रत्येक घराचे न्यूट्रल वेगळे करून घेतले की प्रश्न मिटतो. दुसरं कारण जास्त भयंकर. अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थची पिन तारेच्या तुकड्यानं जोडलेली असते. वरवर सगळं चालतं, पण न्यूट्रल कुठं तुटला की कूलरच्या पत्र्यात थेट फेज येतो. प्रत्येक थ्री पिन सॉकेट उघडून हे एकदा तपासून घ्या.

अर्थिंगचा खड्डा काळ्या मातीत असेल तर उन्हाळ्यात माती आकसून पाइपपासून सुटते आणि अर्थिंग नावापुरतं राहतं. ४० मिलिमीटरचा अडीच मीटर जीआय पाइप, भोवती कोळसा-मीठ, वर झाकणाची कुंडी, आणि मार्च ते जून आठवड्याला एक बादली पाणी. वायर दिवे-पंख्याला १.५ चौरस मिलिमीटर, कूलरच्या पॉइंटलाही तीच चालते. गिझर, मिक्सर, इस्त्रीच्या १६ अँपिअर पॉइंटला २.५, सगळी तांब्याची. जुनी अॅल्युमिनियमची तार असेल तर तिला तांब्याची तार पिळून जोड देऊ नका. तो जोड तापतो, आणि बोर्डातला जळका वास तिथूनच येतो.

बोअरच्या जड पाण्यावर कूलर चालणार असेल तर हनीकोंबपेक्षा, म्हणजे पोळ्यासारख्या कागदी पॅडपेक्षा, गवताच्या ताट्या बऱ्या. क्षार बसून दोन्ही चोंदतात, पण ताटी हंगामाला बदलणं परवडतं. टाकीतलं पाणी आठवड्याला पूर्ण सोडून द्यायचं, नुसतं वरून भरत राहिलं की क्षार वाढतच जातात.

मीटर. एकाच मीटरवर सबमीटर लावून तीन बिऱ्हाडं चालवणं दिसायला स्वस्त. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्प्यानं चढतो. तीन बिऱ्हाडांनी प्रत्येकी ९० युनिट वापरले तर वेगळ्या मीटरवर सगळे पहिल्या टप्प्यात राहतात. एका मीटरवर तेच २७० युनिट होतात आणि त्यातले १७० वरच्या दरानं लागतात. वर महिन्याकाठी युनिटवरून भांडण ते वेगळंच. स्वयंपाकघर वेगळं असेल तर वेगळं मीटर घ्या.

पाणी

आपल्या बऱ्याच गावांत नळ रोज येत नाही, उन्हाळ्यात तर दिवसाआड हेसुद्धा सुखाचं. माणशी १३५ लिटर हा शहरी पुरवठ्याचा ठरलेला हिशोब धरला तर चौघांना दिवसाला ५४० लिटर लागतं. तीन दिवसांच्या अंतराला सोळाशे लिटर साठा हवा. वर पाचशेची एक टाकी ठेवून दोन बिऱ्हाडं देणं म्हणजे भांडण विकत घेणं.

हजार लिटरची टाकी भरली की एक टन. ती तुळईवर किंवा भिंतीच्या डोक्यावर बसवा, स्लॅबच्या मधोमध नाही. खाली पूर्ण सपाट ओटा हवा. विटांच्या दोन रांगांवर ठेवलेली प्लास्टिकची टाकी मधे झोळते आणि तळाला चिरते. रंग काळा असेल तर मेमध्ये दुपारी नळाला आंघोळीलासुद्धा नको इतकं गरम पाणी येतं. केळीच्या रोपवाटिकेला लावतात ती हिरवी शेडनेट कृषी केंद्रात मीटरवर मिळते. टाकीवर हातभर उंच मांडव करून ती ताणा, अंगाला चिकटवू नका. गच्चीवरून उघडे गेलेले पीव्हीसीचे पाइप उन्हानं ठिसूळ होतात, त्यांना निदान पांढरा रंग द्या.

बोअरच्या पाण्यात नळ कोणते टिकतात? अर्ध्या फेऱ्याचे सिरॅमिक डिस्कवाले नळ दिसायला छान, पण क्षार बसून जाम होतात आणि भाडेकरू जोर लावून दांडाच मोडतो. जुन्या पद्धतीचा पूर्ण फेऱ्याचा नळ घ्या, त्याचा रबरी वायसर कुणालाही बदलता येतो. नळाच्या तोंडची जाळी महिन्याला काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली की साफ होते.

मोरी आणि भिंती

टाइल्सवर टाइल्स बसवता येतात, तोडफोडीचे पैसे वाचतात, पण जुनी टाइल ठोकून बघा. पोकळ वाजणारी काढावीच लागते. जोड सिमेंटनं नाही, टाइल अॅडहेसिव्हनं. फरशी अर्धा-पाऊण इंच वर येते, म्हणजे दार खालून कापायचं आणि मोरीचा उंबरा तपासायचा, नाहीतर पाणी खोलीत. खाली गळत असेल तर वरून टाइल्स बसवून काही साधत नाही. आधी नहाणी ट्रॅपभोवतीचा, म्हणजे मोरीचं पाणी जिथून खाली जातं त्या जाळीभोवतीचा, सांधा फोडून बघा, चोर बहुतेक तिथंच असतो. मोरीला प्लायचं दार नको, पीव्हीसी किंवा फायबरचं.

भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत लोणा (ओलीबरोबर येणारा क्षार) लागून रंग फुगत असेल तर पुट्टीचा खर्च वाया जातो. ओल जमिनीतून चढते, वरून बंद केली तर आणखी वर चढते. ओलीच्या खुणेच्या वर एक फुटापर्यंत गिलावा काढा, उन्हाळाभर भिंत उघडी वाळू द्या, मग चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग. ऑइलपेंट तिथं अजिबात नको.

तापी-गिरणेकाठच्या खोल काळ्या मातीत घरांना जी भेग मेमध्ये उघडते आणि ऑगस्टमध्ये मिटते, ती उन्हाळ्यात सिमेंटनं भरू नका. पावसात माती फुगली की भिंत जवळ यायला बघते आणि कडक भरणा शेजारचा गिलावा फोडतो. लवचीक सीलंट वापरा. मूळ इलाज बाहेर आहे: घराभोवती अडीच-तीन फूट रुंद, बाहेर उतरता काँक्रीटचा पट्टा आणि गच्चीचं पाणी पायापासून लांब. भेग तिरपी असेल, करंगळी जाईल इतकी असेल, तर मिस्त्री नाही, इंजिनीअर बोलवा.

रंग

दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीच्या भिंती दारं-खिडक्या वजा जाता ४०० चौरस फूट भरतात. प्रायमर चार लिटर, साधा इमल्शन दोन हातांना सहा-सात लिटर. सगळ्या खोल्यांना एकच फिकट रंग, आणि त्याचा कोड मीटरच्या पेटीत आतून लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी एका भिंतीचं काम एका भिंतीतच भागतं. स्वयंपाकघरात ओट्यावर दोन फूट टाइल्स आणि नऊ इंची एक्झॉस्ट पंखा हवाच. शेवभाजीची फोडणी आणि भरिताची भाजलेली वांगी ज्या घरात वरचेवर होतात, तिथं भिंतीवर तेलकट धुराचा थर बसणारच. त्याचे पैसे डिपॉझिटमधून कापू नयेत.

एवढं केल्यावर करारनामा नोंदवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणं ही मालकाची जबाबदारी आहे. लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आणि नोंदणी फी शहरात १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. सोबतच्या यादीत पंखे आणि नळ तर असतातच, त्यात कूलरचा स्टँड, आरसीसीबी, टाकी आणि शेडनेटही लिहा. ताटी कोण बदलणार, टाकी कोण धुणार आणि गच्चीचा चुना कुणाच्या खर्चानं, तेही त्याच कागदावर घ्या.